सभ्य नकाराचा धडा

कपड्यांच्या कारखान्यात ती शर्टांना काजं करायच्या मशीनवर बसायची, म्हणून सगळे तिला काजताई म्हणत. वय पंचेचाळिशीच्या पुढे, चष्मा दोरीने गळ्यात, जीभ मशीनपेक्षा वेगात. तिला इंग्रजी शिकायची बुद्धी ज्ञानाच्या ओढीने झाली असं कोणी म्हटलं, तर तिलाच हसू येतं. खरं कारण शुद्ध पोटदुखी. ज्या पोरीला तिने सुईत दोरा ओवायला शिकवलं, ती इंग्रजी बोलते म्हणून सुपरवायझर झाली आणि काजताईलाच ‘जरा भराभर हात चालवा’ म्हणू लागली.

नणंद विद्यापीठात कारकून होती. रविवारी सकाळी तिथे नोकरदारांसाठी व्यावसायिक इंग्रजीचा वर्ग भरतो, हे तिच्याकडून कळलं आणि काजताईने नाव घातलं. पहिल्याच दिवशी फजिती. खुर्च्यांना लिहायला फळी जोडलेली, आणि काजताईचा घेर असा की फळी खाली येईना. बँकेतल्या, विमा कंपनीतल्या पोरापोरींच्या देखत दोनदा खटपट करून तिने वही मांडीवर घेतली आणि ‘मला अशीच सवय आहे’ असं न विचारताच सांगून टाकलं.

पुस्तकातली माणसं सदा विमानात. उठसूट जेवायला बाहेर जात आणि माल उशिरा पोचल्याबद्दल एकमेकांची माफी मागत. लघवीला जायची परवानगी मागताना त्यात कोणीच दिसत नव्हतं. शिकवणारे सर तरुण, तासावर नेमलेले. पुढच्या सत्रात असू की नसू, हे त्यांनाही ठाऊक नसायचं, पण शिकवायचे जीव ओतून. सभ्य नकाराच्या धड्यात त्यांनी सांगितलं की तोंडावर ‘नो’ म्हणायचं नाही. आधी ‘आय ॲम अफ्रेड’ म्हणायचं, मग नकार द्यायचा. याचा अर्थ ‘मला भीती वाटते’ असा ना, असं काजताईने विचारलं. शब्दशः तसाच, पण इथे ती फक्त रीत, असं सर म्हणाले. ही रीत तिला भारीच आवडली. नवऱ्याने चहा मागितला की ती म्हणे, आय ॲम अफ्रेड, दूध संपलंय.

पुढे माल घेणाऱ्या परदेशी कंपनीची एक तपासनीस बाई कारखाना बघायला आली. आमच्याकडे काज करणारी बाईसुद्धा इंग्रजी बोलते, हे दाखवायला मॅनेजरने काजताईला पुढे केलं. सगळं छान आहे, एवढंच बोलायचं, अशी तंबी दिली. काजताई फुलून गेली. इस्त्रीची साडी, चष्मा नाकावर.

फिरता फिरता पाहुणी बाथरूमपाशी आली आणि दाराला हात घालणार, तोच काजताईला कायदा आठवला. बाथरूमला टोकन लागायचं आणि मशीनवरच्या बायकांच्या सगळ्या रांगेला मिळून दोनच टोकनं होती. पाहुणीला अडवायचं तर सभ्यपणे अडवायला हवं.

“आय ॲम अफ्रेड, मॅडम. विदाउट टोकन, नॉट पॉसिबल.”

पाहुणी थबकली. “यू आर अफ्रेड?”

बाईला सभ्यपणा आवडलेला दिसतोय, असं काजताईला वाटलं. तिने अजून थोडा वाढला. “यस, मॅडम. व्हेरी अफ्रेड. एव्हरीबडी अफ्रेड.”

पाहुणीने आवाज खाली आणून आणखी काहीतरी विचारलं. ते काही काजताईला कळलं नाही. म्हणून तिने मदतीसाठी मॅनेजरकडे पाहिलं. मग पाहुणीनेही मॅनेजरकडे पाहिलं, आणि बराच वेळ पाहिलं.

आठवडाभरात टोकनं गेली. बायका काजताईला वाघीण म्हणू लागल्या. आपण नुसता शिष्टाचार पाळत होतो, हे तिने ज्याला त्याला सांगून पाहिलं, पण तो तिचा मोठेपणाच ठरला. मॅनेजरला मात्र मोठेपणा दिसला नाही. त्याने तिला मशीनवरून उठवून धागे कापायच्या टेबलावर टाकलं. तिथे दिवसभर उभं राहायचं. पहिल्या संध्याकाळीच पोटऱ्या दगड झाल्या आणि वाघिणीच्या डोळ्यांत पाणी आलं.

दोन-तीन दिवसांनी ती सुपरवायझर पोरगी टेबलापाशी आली. तिला इंग्रजी येत होतं, त्यामुळे झाला घोटाळा तिला एकटीला पुरता कळला होता.

“ताई, तुम्हाला तसं म्हणायचं नव्हतं ना?”

“नव्हतं गं,” काजताई म्हणाली. “पण इथे उभी राहून विचार केला. टोकन मिळेल न मिळेल म्हणून मी सकाळपासून पाणीच प्यायचे नाही. इतकी वर्षं. मग ती भीती नाही तर काय होती?”

पोरगी टेबलावरचे धागे गोळा करू लागली. मग म्हणाली, “मीपण नाही प्यायचे. सुपरवायझरलाही टोकनच होतं.”

दुपारी ती स्वतः एक उंच स्टूल उचलून घेऊन आली आणि मॅनेजरच्या देखत टेबलाशी ठेवलं. तो घड्याळ बघत पुढे निघून गेला. काजताई स्टुलावर बसली, तसं ते जोरात करकरलं आणि अख्खी रांग हसली. काजताई सगळ्यांत जास्त.