लेबलवरची नुसती डॅश

शेलारबाईंच्या हातात मेमो होता आणि माझ्या हातात 'ओके' छापलेला प्रिंटआऊट. माझा कागद त्यांच्याविरुद्धचा पुरावा होता, म्हणून मालकांच्या केबिनमध्ये मी जरा ऐटीतच बसलो होतो.

नव्वदच्या दशकातली, अंबरनाथच्या एका केमिकल फॅक्टरीतली ही गोष्ट. मी कॉम्प्युटर विभागात होतो, म्हणजे विभाग मीच होतो. ड्रमवर चिकटवायची लेबलं छापायचा प्रोग्रॅम माझा, आणि छापण्याआधी ती तपासणारी स्क्रिप्ट, म्हणजे आणखी एक छोटा प्रोग्रॅम, तीही माझी. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात तसं. बॅच नंबर कसा दिसतो याचा साचा मी तिला दिला होता: आधी अक्षरं, मग डॅश, मग आकडे. याला पॅटर्न म्हणतात. लेबल साच्यात बसलं की स्क्रिप्ट 'ओके' म्हणायची. ती रोज 'ओके' म्हणायची आणि मला स्वतःचं फार कौतुक वाटायचं.

मग एकदा माल घेणाऱ्या पार्टीने ड्रम परत पाठवले. लेबलवर बॅच नंबरच्या जागी नुसती डॅश.

"कॉम्प्युटर ओके बोलतो, तो फिर बाईने रद्दीतली लेबलं लावली," मालक म्हणाले. ते उल्हासनगरचे सिंधी, मराठी-हिंदी एका दमात बोलायचे. "अशा बाईला परमनंट कसं करू?"

बुवापाड्यात राहणाऱ्या शेलारबाई पॅकिंगला होत्या. त्यांचं परमनंटचं पत्र टाईप होऊन सहीसाठी पडलं होतं. त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "साहेब, मी तुम्हाला इचारलं व्हतं, नंबर कुठंय म्हणून. तुम्ही म्हणालात, कॉम्प्युटरने पास केलंय, चिकटवा."

म्हणालो होतो. मान वर न करता म्हणालो होतो.

"मग आता हेच लेबल दावा ना तुमच्या मशीनला."

नाही कसं म्हणणार? खाली जाऊन मी बॅच नंबरच्या जागी फक्त डॅश टाकली आणि स्क्रिप्ट चालवली.

ओके.

मी स्क्रिप्ट उघडून पाहिली. पॅटर्नमध्ये अक्षरांपुढे आणि आकड्यांपुढे मी एकेक स्टार टाकला होता. स्टार म्हणजे 'कितीही'. या कितीहीत शून्यही येतं, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. कितीही पाहुणे येऊ देत म्हणणाऱ्याकडे कुणीच फिरकलं नाही, तरी त्याचा शब्द खराच. प्रोग्रॅमला नंबर सापडला नाही की तो लेबलवर मधली डॅश तेवढी टाकायचा आणि माझी तपासणी तिला सलाम ठोकायची.

वर जाऊन म्हणालो, "सर, मेमो माझ्या नावावर करा."

"ये ओके कबसे गलत है?"

"पहिल्या दिवसापासून."

मालकांनी बाईंच्या हातातला मेमो घेऊन फाडला आणि टायपिस्टला बोलावून माझं नाव सांगितलं. स्पेलिंगही मलाच विचारलं. मला लाज वाटली, पण खरं सांगतो, त्याहून जास्त सुटल्यासारखं वाटलं.

तेव्हापासून कुठलीही तपासणी लिहिली की तिला आधी मुद्दाम खोटा माल दाखवतो. ती 'नाही' म्हणाली तरच तिच्या 'हो'वर विश्वास ठेवतो.

शेलारबाई महिन्याभरात परमनंट झाल्या. पेढ्यांचा बंद खोका माझ्या टेबलावर ठेवून म्हणाल्या, "उघडून बघा हां साहेब. खोका हाय म्हंजे पेढा असंलच असं नाय."