कोरी बाजू

परवा कपाट आवरताना एक जुनी कॅसेट सापडली. वर आबांचं, म्हणजे माझ्या आजोबांचं, तिरपं अक्षर: ‘दुसरी बाजू तुझी’.

पंधराव्या वर्षी मी जळगाव सोडून आईबाबांबरोबर अमेरिकेत आलो. जळगावशेजारच्या पिंप्राळ्याहून आबा कॅसेट पाठवायचे. एक बाजू स्वतः बोलून भरायची, दुसरी माझ्या उत्तरासाठी कोरी ठेवायची. त्यांच्या बोलण्यामागे भाकरी थापल्याचा आवाजसुद्धा यायचा. मी एकही कॅसेट परत पाठवली नाही.

शाळेत दर सोमवारी पोरं रेडिओवरच्या गाण्यांबद्दल बोलायची आणि मी नुसता मान हलवायचो. म्हणून एका रविवारी कोऱ्या बाजूवर गाणी भरली. ती बाजू पुरेना, तेव्हा आबांच्या बोलण्यावरही भरली. आबा काय, पुन्हा पाठवतीलच! पण ती कॅसेट त्यांची शेवटचीच निघाली. तेव्हा लहान होतो असं म्हणून सुटताही येत नाही. पंधरा वर्षांचा घोडा होतो.

परवा ती लावली. शेवटचं गाणं संपलं, थोडी खरखर झाली, आणि टोकाला उरलेले आबा अहिराणीत घरची खुशाली सांगत बोलले, “आठे बठ्ठा मजामा शेतस. आते तू बोल, बेटा. मी आयकी ऱ्हायनू.”

खट्‌कन टेपचं बटण वर आलं.