म्हशीच्या मागची जागा

तिला पूर्वी सगळे ताई म्हणत. मग केव्हातरी, तिला न विचारता, ताईची मावशी झाली. आणि गेल्या मोसमापासून भोंग्यावर बोलणारा निवेदक तिला सरळ आजी म्हणू लागला. "आजींची म्हैस पाण्यात उतरली हो!" असं तो ओरडला की धावपट्टीच्या दोन्ही बाजूंची माणसं हसायची. म्हैस म्हणजे तिची गाडी. दोन दारांची, जुनी, काळपट करडी. शर्यतीआधी मागची चाकं तापवायची असतात, त्यासाठी गाडी ओल्या डांबरावर उभी करून चाकं जागच्या जागी गरगरा फिरवतात, धूर निघेपर्यंत. त्या पाण्यात ही गाडी इतकी सुखावलेली दिसे की कुणीतरी म्हैस म्हणालं आणि तेच चिकटलं. आपण बाईला मावशीच म्हणू. आजी म्हटलेलं तिला खपत नसे, आणि नातवंडं तर नव्हतीच.

आठवडाभर मावशी कवळ्या करायची. दातांच्या डॉक्टरांकडून तोंडांचे साचे यायचे. त्यात प्लास्टर ओतायचं, मेण चढवायचं, एकेक दात ओळीत बसवायचा, हिरडीचा गुलाबी रंग जुळवायचा, आणि मग घासून घासून असं गुळगुळीत करायचं की जिभेला शंकासुद्धा येऊ नये. खोली दुसऱ्या मजल्यावरची. खिडकीतून समोरची भिंत दिसे, आणि हात धुवायचं भांडं प्लास्टरने कायमचं पांढरं पडलेलं. निवेदकाचे पुढचे दात तिच्याच हातचे. "म्हणून तर एवढा बोलतो," ती म्हणायची. "त्याचं तोंड त्याचं कुठे आहे? माझं आहे."

आणि सुट्टीच्या दिवशी शर्यत. शहराबाहेर एक धावपट्टी होती, विमानं उतरायची केव्हाच बंद झालेली. दोन गाड्या शेजारीशेजारी उभ्या राहतात, सरळ पाव मैल सुटतात, संपलं. नाक शिंकरेपर्यंत निकाल. पण यात एक मेख आहे, ती कळल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आपल्या गाडीला किती वेळ लागेल ते प्रत्येकाने आधीच पुढच्या काचेवर लिहायचं, बुटांच्या पांढऱ्या पॉलिशने, ढळढळीत. दोन वेळांत जेवढा फरक, तेवढा आधी हळू गाडीला हिरवा दिवा मिळतो. त्यामुळे म्हातारी गाडी आणि तरणीबांड गाडी बरोबरीने भांडू शकतात. पण लिहिलंय त्यापेक्षा लवकर पोचलात तर बाद. म्हणजे बढाई चालत नाही आणि खोटा विनयही चालत नाही. आपण केवढे आहोत ते चारचौघांत लिहून द्यायचं आणि बरोबर तेवढंच भरायचं. भले भले यात आपटतात. मावशी अर्धं आयुष्य टिकून होती.

घरी नवरा होता. त्याला आवाज सहन होत नसे. कुकरची शिट्टी झाली तरी तो कपाळाला आठ्या घालायचा. धावपट्टीवर तो एकदाच आला होता, कानात कापूस घालून, आणि कापूस काढायच्या आत परत गेला होता.

"अगं, आता पुरे की," तो दर मोसमाला म्हणायचा.

"हात थरथरला की सोडीन."

"दाखव हात."

ती हात पुढे करायची. दगडासारखा स्थिर.

"मग डोळे?"

"अहो, तुमच्या शर्टाचं बटण एक घर चुकलंय, ते मला इथून दिसतंय. डोळ्यांचं काय विचारता?"

हात, डोळे, नाहीतर परवान्यासाठी तपासणारा डॉक्टर. या तिघांपैकी कुणीतरी एक दिवस दार ठोठावेल आणि आपण निमूट उठू, असं तिने मनाशी ठरवून टाकलं होतं. शरीर आधी नोटीस देतं, अशी तिची समजूत. सगळ्यांचीच असते. नोटीस आली नाही. जे आलं ते मागच्या दाराने आलं.

पूर्वी दिव्यांसमोर गाडी उभी केली की तिच्या पोटात गोळा यायचा. तोंडाला कोरड पडायची, कानात आपलंच रक्त ऐकू यायचं. खरं सांगायचं तर सगळा खटाटोप त्या गोळ्यासाठीच. दोन मोसमांमागे तो यायचा थांबला. कारण शोधायचं तर खुशाल शोधा. कुणी गेलं नव्हतं, काही दुखत नव्हतं, कुणाशी बिनसलं नव्हतं. दात काढण्याआधी सुई दिली की ओठ आपला असून आपला वाटत नाही, तसं. फक्त ओठापुरतं नव्हे, सगळंच.

आणि गंमत अशी की ती जिंकू लागली. ज्याला काही वाटत नाही त्याची वेळ हलत नाही. एकदा लिहिलं की तेवढंच, केसाचा फरक नाही. "मावशी उतारवयात चढतेय!" लोक म्हणायचे. मावशी कप घरी आणायची आणि कपाटावर ठेवायची, धूळ पुसायची तशाच हाताने.

मग तो दिवस आला. शेजारच्या पट्टीत बेकरीवाला होता, त्याच्या लाल गाडीत. मावशीने म्हैस पुढे घेतली, दिव्यांच्या खांबासमोर बरोबर रेषेवर उभी केली. पिवळे दिवे एकाखाली एक लागत आले. मग हिरवा. तिने तो पाहिला. तिच्या मनात आलं, हिरवा लागला. दूधवाला आला, हे जसं मनात येतं, तसं. पाय क्लचवर, हात गिअरवर, सगळं जिथल्या तिथे. मग बेकरीवाल्याचा हिरवा लागला आणि तो सुटला. त्याचा धूर विरला. ती बसून होती. शेवटी तिने गाडी हळूच सोडली आणि बैलगाडीच्या चालीने पलीकडे नेली.

"अरेरे! आजींचा गिअरबॉक्स अडकला!" निवेदकाने भोंग्यावरून निकालच लावून टाकला. "भाऊजी, काय हो हे?"

गाडीभोवती माणसं जमली. "गिअरबॉक्स ना, मावशी?" कुणीतरी विचारलं.

"हं," ती म्हणाली.

तेवढंच. एक हं. पण त्या हंने घोटाळा केला, कारण गिअरबॉक्स तिच्या दिराने बांधलेला होता.

भाऊजी म्हणजे नवऱ्याचा धाकटा भाऊ. धावपट्टीवरचा लहानथोर त्याला भाऊजीच म्हणायचा, खुद्द त्याची बायकोसुद्धा चिडली की तेच म्हणायची. दोन गल्ल्या पलीकडे त्याचं गॅरेज. निम्म्या गाड्यांचे गिअरबॉक्स त्याच्या हातचे. "आमच्या घरात दातांचाच धंदा," तो सांगायचा. "वहिनी माणसांचे बसवतात, मी चाकांचे. माझे दात रात्री काढून पेल्यात ठेवावे लागत नाहीत, एवढाच फरक."

त्याने गिअरबॉक्स उतरवला, जुन्या वर्तमानपत्रावर सगळी चाकं ओळीने मांडली आणि दिव्याखाली प्रत्येक दातावरून बोट फिरवलं. काही नाही. धुतलं, पुसलं, पुन्हा फिरवलं.

"वहिनी, क्लच पूर्ण दाबला होतात ना?"

"दाबला असेल."

"असेल काय? होतात की नव्हतात?"

"आठवत नाही हो."

आठवत नाही म्हणे! तिला त्या हिरव्याच्या काचेवरचा चरासुद्धा आठवत होता. पण सांगायचं काय? हात थरथरला असता तर सांगता आलं असतं. काही झालंच नाही, हे कुणाला कसं सांगायचं?

इकडे बोभाटा झाला. बेकरीवाल्याने आपला गिअरबॉक्स भाऊजीकडे द्यायचं ठरवलं होतं, तो म्हणाला, "सध्या राहू दे, मोसम संपला की बघू." मग आणखी एकाने तेच म्हटलं. कुणी भांडलं नाही, कुणी वाईट बोललं नाही. धंद्यातलं नाव असंच जातं, पाय न वाजवता. भाऊजी वहिनीकडे जेवायला आला, खाली मान घालून जेवला, उठला.

"याला झालंय काय?" नवरा म्हणाला. "भाजीत आज मीठ नव्हतं आणि हा काही बोलला नाही?"

"माझेच दात घातलेल्या तोंडाने माझ्याच दिराचं नाव चावलं," मावशी म्हणाली. नवऱ्याला काही कळलं नाही. तिने मिठाची बरणी पुढे सरकवली.

त्या धावपट्टीवर एक जुना रिवाज होता. रेषेवर अडलेली गाडी पुन्हा शर्यतीत घ्यायची तर आधी तिला एकटीला पळवून दाखवायचं. आणि ज्याच्या कामात खोट निघाली, त्याने त्या वेळी गाडीच्या मागे उभं राहायचं, धूर खात, सगळ्यांना दिसेल असं. ओरडा नाही, दंड नाही. नुसतं उभं राहायचं. भाऊजी आजवर त्या जागी कधी उभा राहिला नव्हता. आता त्याने म्हशीसाठी कोरा गिअरबॉक्स बांधायला घेतला होता.

मावशीच्या हे लक्षात आलं ते एका कवळीचा खालचा जबडा घासताना. नव्या गिअरबॉक्सवर गाडी नीट पळाली, तर लोक म्हणणार, बघा, जुन्यातच खोट होती. नाही पळाली तर बोलायलाच नको. म्हणजे ती चांगली चालवो की वाईट, मागे उभा असलेला माणूसच दोषी. तिने यंत्र बंद केलं, हातातला जबडा फडक्यावर उपडा ठेवला आणि हात न धुताच जिना उतरली.

"जुनाच बसवा," गॅरेजच्या दारातून ती म्हणाली.

भाऊजी गाडीखाली होता. तसाच घसरत बाहेर आला. "वेड लागलंय का, वहिनी?"

"जुन्यात काय सापडलं?"

"काही नाही."

"मग?"

तो उठून बसला. एकेक बोट चिंधीने पुसू लागला. सगळी बोटं पुसून झाली तरी पुसत राहिला.

"हिरवा लागला होता," मावशी म्हणाली. "मला दिसला. मी गेले नाही."

"का?"

"जावंसं वाटलं नाही. न जावं असंही वाटलं नाही. काहीच वाटलं नाही."

"आणि मी इथे एकेक दात चाचपत बसलोय! झोप नाही, अन्न गोड लागत नाही! बायको म्हणते, डोळे तपासून घ्या, हात तपासून घ्या. माझे!" त्याचा आवाज चिरकला. "तुमच्या जागी दुसरं कुणी असतं ना, तर हा पाना फेकून मारला असता."

"मारा."

त्याने पाना खणात टाकला आणि खण धाडकन लावला. "मला सांगून काय उपयोग? माझं काम मला माहीत आहे. जिथे हं म्हणालात तिथे जाऊन सांगा."

"तिथेच सांगते. पण गाडी तुम्ही चालवायची."

शर्यतीच्या दिवशी आभाळ नुसतंच पांढरं होतं, ऊन ना सावली. मावशीने पॉलिशची बाटली काढली आणि काचेवर आपली नेहमीची वेळ लिहिली, नेहमीच्याच मोठ्या आकड्यांत. मग दार उघडून बाजूला झाली. भाऊजी हेल्मेट घालून आत बसला. ते त्याला घट्ट होत होतं. त्याचे गाल वर आले होते.

"आजी, चुकताय!" भोंग्यावरून निवेदक ओरडला. "तुम्ही आत, भाऊजी मागे!"

मावशी चालत त्याच्या टेबलापाशी गेली. "दे तो इकडे."

"अहो आजी..."

"दे म्हणते ना. दात माझेच आहेत, भोंगाही जरा वेळ माझा."

लोक हसले. मग हसायचे थांबले, कारण ती बोलत होती. "गिअरबॉक्स जुनाच आहे. एक नट बदललेला नाही. त्या दिवशी दिवा लागला, मी पाहिला आणि बसून राहिले. विचारलंत तेव्हा हं म्हणाले, ते खोटं होतं. अडकले होते ती मी." तिने भोंगा टेबलावर ठेवला आणि जाऊन म्हशीच्या मागे उभी राहिली.

चाकं पाण्यात फिरली. इतकी वर्षं ती आत बसून हा आवाज ऐकत होती; बाहेरून तो कितीतरी मोठा होता. धूर अंगावर आला, गरम, रबराच्या वासाचा. ती पोटातल्या गोळ्याची वाट पाहत उभी राहिली. या जागी तरी येईल असं तिला वाटलं होतं. दिवे लागले. म्हैस सुटली, गिअर एकामागून एक लोण्यासारखे पडले, आणि गाडी बघता बघता लहान होत गेली. काचेवर लिहिलेल्या वेळेपेक्षा केसभर उशिरा पोचली. डोळ्यांना पाणी आलं होतं. ते धुराचं होतं. तिने मनगटाने पुसून टाकलं.

बेकरीवाला धावपट्टीच्या कडेकडेने भाऊजीकडे पळत गेला. "भाऊजी, ते आमच्या गाडीचं मागे म्हणालो होतो ना, ते..."

"रांगेत या," हेल्मेटमधून आवाज आला.

मग निवेदक मावशीपाशी आला, भोंगा न घेता. "आता पुढच्या मोसमात, मावशी?" बऱ्याच दिवसांनी त्याने मावशी म्हटलं होतं.

"तुझी कवळी सैल झाली की ये दुसऱ्या मजल्यावर. इथे नाही मी आता."

गाडी परत आली तेव्हा तिने ओल्या फडक्याने काचेवरचा आकडा पुसला. पॉलिश एका फटक्यात निघत नाही, पांढरे ओघळ राहतात. भाऊजीने हेल्मेट तिच्या हातात दिलं. त्याचा राग जायला अजून वेळ होता. तो जायला हवा असं तिचंही म्हणणं नव्हतं. किल्ली मात्र त्याने आपल्याच खिशात टाकली. तिने मागितली नाही.

नवऱ्याने दार उघडलं. "एवढ्या लवकर? काय, थरथरला की काय हात?"

"नाही."

"डोळे?"

"नाही हो."

"मग?"

मावशीने हेल्मेट कपाटावर, कपांच्या शेजारी ठेवलं. नखांत पॉलिश अडकलं होतं, प्लास्टरसारखंच पांढरं. "सोडलं," ती म्हणाली. "हात धुऊन येते. मग जेवू."