होकाराची मान

चष्म्याच्या दुकानात काचा घासणाऱ्या त्या तरुणाची जीभ पहिल्याच अक्षराला अडायची. लोकांना कुठला दम! आई, मालक, गिऱ्हाईक, जो तो त्याचं वाक्य स्वतःच पुरं करून मोकळा व्हायचा. चुकलं तरी हा मुकाट मान डोलावायचा. नावडता गोडमिट्ट चहा तो असाच सात वर्षं पीत आला होता.

काउंटरवरची मुलगी तेवढी त्याच्या तोंडात कधी शब्द कोंबायची नाही.

नोकरी सोडताना तिने विचारलं, "निघू मग मी?"

त्याला "थांब" म्हणायचं होतं. "थ... थ..." करून तो सवयीने गप्प झाला, आता पुढचं तीच म्हणेल म्हणून. ती मात्र पर्स खांद्याला लावून शांतपणे वाट बघत राहिली.

शेवटी त्याने मान डोलावली.