मालगाडीएवढा उखाणा

गोदाकाकू उखाणा घेऊ लागली की सिंदीच्या स्टेशनात मालगाडी शिरल्यासारखं वाटे. डब्यामागून डबा, आणि नवऱ्याचं नाव पार शेवटी, गार्डाच्या डब्यात! एका हळदीकुंकवाला तर तिचा उखाणा संपेपर्यंत तिळगुळाला मुंग्या लागल्या, जेवल्या आणि घरी गेल्या. एरवी मात्र नवऱ्याचं नाव ओठांवर नाही. "अवं, आयकलं काय?" एवढ्यावर संसार.

त्रेपन्न-चोपन्न साली काकूला लकवा झाला आणि बोलणं गेलं. पाणी मागायला तोंड उघडलं तर निघे, "वायगावची हळद, सेलूची केळी, देवापुढं रांगोळी सकाळच्या येळी..." आणि मागे अख्खी गाडी!

वर्ध्याचे डॉक्टर म्हणाले, "नवं वाक्य जुळवायचं काम मेंदूची डावी बाजू करते. तिथं इजा झालीय. तोंडपाठ असलेलं मात्र दुसऱ्या वाटेनं बाहेर येतं."

तिचे यजमान श्रीपतराव हात जोडून म्हणाले, "मंग त्या वाटेनं एखांदा लहान उखाणा नाई का येत, डाक्टरसाहेब?"

पुढे ते सुरावरून ओळखू लागले. चढा सूर म्हणजे भाजी करपली, लाडिक म्हणजे पान हवं. पण नाव येईपर्यंत जागचे हलत नसत. म्हणत, "मानसानं आपलं नाव पुरतं आयकून घ्यावं. बाईची मेहनत असते त्यात."

आणि एकदा कापसाच्या बाजारात गाडीचा बैल बिथरून सुटला, तो थेट श्रीपतरावांच्या पाठीच्या रोखानं! काकूनं पाहिलं, किंचाळली, "वायगावची हळद..." श्रीपतराव तिच्याकडे वळून अदबीनं उभे राहिले. लोक बोंबलताहेत, "पया! बैल!" आणि हे त्यांनाच दटावताहेत, "चूप बसा बे! ती बोलून राह्यली न!"

बैल आला हाताच्या अंतरावर, आणि काकूची गाडी अजून रांगोळीशी. ती थांबली. तोंड वेडंवाकडं झालं, मानेच्या शिरा ताठल्या, आणि बाजार हादरला, "श्रीप्याऽऽ!"

श्रीपतराव जे उडाले, ते कापसाच्या ढिगाच्या शेंड्यावर. बैलाच्या भीतीनं नव्हे, लाजेनं! बैल खालून निघून गेला.

"काऊन वं," ते वरून म्हणाले, "चारचौघांत?"

काकू रडत होती की हसत, कळेना.

मग तिला तेवढाच एक शब्द उरला. पाण्याला श्रीप्या, मिठाला श्रीप्या, देवळात हात जोडले तरी श्रीप्या.

ती गेल्यावर श्रीपतराव हाकेला ओ देईनासे झाले. लोक म्हणाले, कान गेले. मी विचारलं, तर म्हातारा म्हणाला, "कान बराबर हाये रे. पन मांगं 'राव' लावला का मले वाट्टे, दुसऱ्याच कोनाले बलावून राह्यले."