गप्प गेलेली रिक्षा

भोरात कुठलाही सरकारी निरोप लोकांना कळायचा तो जलीलच्या तोंडून. रिक्षावर भोंगा बांधून तो गल्लोगल्ली बोलत फिरायचा. नळाला पाणी येणार नाही हेसुद्धा असं सांगायचा, की लग्नाचं आवतण वाटावं.

दोन हजार तीन साली गावाची वर्षभराची प्रगती आणि पुढच्या योजना पुकारायचं काम त्याला मिळालं. मजकूर वाचून तो थेट माझ्याकडं आला. नगरपालिकेशी भांडणारा गावात मीच. शेवटची योजना रस्ता रुंद करायची होती, आणि त्यात त्याच्याच गल्लीतली घरं पाडणार होते.

"म्या माझ्याच तोंडानं अम्मीला कसं सांगू?"

"नको सांगूस. भोंगा नगरपालिकेच्या साहेबाच्या दारात नेऊन वाजव," मी खवळलो. आपलं डोकं असंच आहे.

"तुमचं बरं हाय. तुमी भांडता. मला पोट हाय."

त्याच्या फेरीत पहिली गल्ली त्याचीच. तिथं शिरताना त्यानं माईक बंद केला आणि मान खाली घालून रिक्षा पुढं काढली. समोरच्या आक्काबाई दारात आल्या आणि त्याच्या अम्मीला म्हणाल्या,

"जमीलाभाभी, तुमचा जलील गप गेला. आपल्या गल्लीचंच काय तरी वंगाळ दिसतंय."

फेरी संपवून तो परतला, तेव्हा सगळी गल्ली त्याच्या ओट्यावर बसली होती. 

अम्मीनं त्याला शेजारी बसवलं.

"आता सांग," ती म्हणाली. "भोंग्याशिवाय. हळू सांग."