मामींच्या घरची ऊब

माझे मामा कोळशाच्या खाणीत गॅस तपासायचे. सगळ्यांच्या आधी खाली उतरायचे, मीटरचा काटा बघायचे आणि मग बाकीच्यांना हाक द्यायचे. गाव त्यांना 'गॅसवाले' म्हणे. नवा माणूस हमखास विचारायचा, "सिलिंडर कधी आणताय?" तीस वर्षं तोच विनोद, आणि मामा दर वेळी हसायचे.

मग खाण पेटली. वर ज्वाळा नाहीत, काही नाही. कोळशाचा थर आतल्या आत धुमसत गावाखाली सरकत आला. पाणी सोडून झालं, माती भरून झाली. शेवटी खाण बंद केली. मामांना नवं काम मिळालं: रोज घरोघरच्या तळघरांत मीटर धरायचा. काटा चढला की त्या घरातली माणसं आठवडाभरात सामान बांधायची. दोन वर्षांत त्यांच्या गल्लीत एकच घर उरलं. त्यांचं स्वतःचं.

मामी हलायला तयार नव्हत्या. भर थंडीत फरशी कोमट असायची. संधिवाताने आखडलेली त्यांची बोटं मोकळी झाली होती, परसात अवेळी टोमॅटो धरले होते. आणि अख्ख्या गावाची तळघरं पालथी घालणारे मामा आपल्या तळघरात मात्र मीटर नेत नव्हते. उद्या बघू, उद्या बघू करत हिवाळा सरला.

एके दुपारी ते जेवायला आले. ओट्यावर चहाचे चार भरलेले कप, पार गार.

"कोण आलं होतं?"

"समोरच्या वहिनी आणि त्यांच्या जावा. आत्ता तुमच्या अंगावरूनच तर गेल्या!" मामींचे गाल लालबुंद, आवाज जडावलेला. "तळघरात पण कोणीतरी बसलंय. वर या म्हटलं, तर नुसतं हसतात."

समोरचं घर पाडून वर्ष झालं होतं. मामांनी पिशवीतून मीटर काढला. काटा टोकाला जाऊन टेकला.

त्यांनी मामींना खांद्यावर टाकलं आणि बाहेर पळाले. मामी पाठीवर बुक्के मारत होत्या, "अहो, घरात पाहुणे आहेत!"

इस्पितळात डॉक्टरांनी समजावलं, विषारी वायूने भास होतात. मामांनी हळूच विचारलं, "तळघरातलं हसणं मलाही महिनाभर ऐकू येत होतं. तेही त्यानेच?" डॉक्टरांनी त्यांनाही शेजारच्या खाटेवर झोपवलं.

मामी मात्र म्हणाल्या, "पण वहिनींनी साखर दोनदा मागून घेतली."

दोघं वाचले आणि शेजारच्या शहरात तिसऱ्या मजल्यावर राहायला आले. मामा महिन्यातून एकदा सरकारी पथकाबरोबर मोजणीला जायचे. गावाची पाटी निघाली, रस्ता बंद झाला. पाचव्या वर्षी एकदा परत येऊन ते म्हणाले, "आपली गल्ली खचली. घर पार आत गेलं."

मामी ताट वाढत होत्या.

"तळघरातली सगळी वेळेत निघाली होती ना?"

"हो," मामा म्हणाले. "सगळी."